त्या फोटोत अळी होती!

सायन्स शिकलं की सौंदर्य मरतं, असं माझं दहावीपासूनचं ठाम मत होतं. दिवाळीच्या आधी चार दिवस बोरी अरबला मामाकडे काढले आणि हे मत माझ्यासकट तोंडावर आपटलं. एक कळी, एक विहीर आणि गच्चीवरची एक रात्र... त्याची ही गोष्ट.

फोटो एकदम सही आला होता. सकाळी साडेसातचं कोवळं ऊन, मागे धूसर हिरवं शेत आणि मधोमध पाकळ्यांना छान पीळ पडलेली एक मिटलेली कळी. डिट्टो गुलाब! फिल्टरसुद्धा लावावा लागला नाही. 'विदर्भाचा गुलाब' अशी कॅप्शन टाकली आणि दिला सोडून इन्स्टावर. चहा होईपर्यंत एकशे चाळीस लाइक्स. जुन्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तर 'कुठलं रिसॉर्ट गं?' असंही विचारलं.

मी कौतुकाने फोन दादाच्या नाकासमोर धरला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. बोरी अरबला शेती करतो. त्याने फोटो पाहिला, दोन बोटांनी मोठा केला, पुन्हा पाहिला.

"कोन्त्या तासातली आहे ही?"

"तास?"

"अवं, ओळ. कोन्त्या ओळीतली?"

"मला काय माहीत! का?"

"फूल नोहे थे. डोमकळी हाय. आत अळी बसली आहे."

आणि पायात चप्पल अडकवून तो शेताकडे निघालासुद्धा. चहा तसाच राहिला. मी फोनकडे बघत बसले. एकशे त्रेपन्न लाइक्स झाले होते.

'४२ अंश' आणि फाडलेली कविता

आता थोडं माझ्याबद्दल. मी मास कम्युनिकेशन केलेली मुलगी. पुण्यात राहते, फ्रीलान्स लिहिते, डेडलाइनच्या आदल्या रात्री जागते. दहावीला सायन्समध्ये बऱ्यापैकी मार्क पडूनही मी आर्ट्सला गेले, आणि त्याला कारणीभूत माझा मामा. (हे त्याला आजवर सांगितलेलं नाही. हा अंक त्याच्या हाती पडला की कळेलच.)

मामा जन्मभर शाळेत सायन्स शिकवत होता. मी सातवीत असतानाची गोष्ट. मे महिन्याच्या शेवटी बोरीत वळवाचा पाऊस पडून गेला, संध्याकाळी ऊन आलं आणि पूर्वेला हे एवढं मोठं इंद्रधनुष्य! मी लगेच वहीत कविता लिहिली आणि मामाला दाखवायला धावले. त्याने ती वाचली, 'छान' म्हणाला आणि लगेच सुरू झाला. "आता सूर्याकडे पाठ कर. तुझ्या डोक्याच्या सावलीपासून ४२ अंशांवर बघ. तिथेच लाल रंग दिसेल. आणि गंमत सांगू? तुझं इंद्रधनुष्य वेगळं आणि माझं वेगळं..."

पुढचं मी ऐकलंच नाही. इंद्रधनुष्यात अंश! कंपासपेटीतला कोनमापक! मी कविता फाडली, रडले, आणि त्या दिवसापासून माझी थिअरी पक्की झाली. चंद्राला खड्डे दाखवणारी ही माणसं. यांच्या नादी लागायचं नाही.

नंतर कॉलेजात कळलं की या थिअरीला बडे बडे मेंबर आहेत. १८१७ च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये हेडन नावाच्या चित्रकाराच्या घरी जेवणाची पार्टी झाली. तिथे कवी कीट्स आणि मंडळींनी न्यूटनच्या नावाने बोटं मोडली. आरोप काय, तर इंद्रधनुष्याचे रंग प्रिझममधून वेगळे करून या माणसाने त्यातली कविता मारली. मला भारीच आनंद झाला होता. बघा, कीट्ससुद्धा माझ्याच बाजूने!

विहिरीत उतरलेली साडेसहा कोटी वर्षं

त्या दिवशी दुपारी मामा मला शेतातल्या विहिरीवर घेऊन गेला. मामा आता रिटायर्ड आहे. चालताना काठी घेतो आणि समोरच्या दगडावर अडखळला नाही, तरी बाजूच्या झुडपाला मात्र हमखास आपटतो. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

"वाकून बघ. काय दिसते?"

"पाणी."

"पाणी नाही, भिंत बघ. वरपासून खाली."

बघितलं. आणि खरं सांगते, इतकी वर्षं त्या विहिरीवर येऊन मी ती भिंत कधी पाहिलीच नव्हती! वर हातभर काळी माती. तिच्याखाली चुनखडीचे पांढरट खडे. मग मुरूम. मग बारीक बारीक भोकांचा ठिसूळ दगड, ज्याला विहीर खणणारे 'मांजऱ्या' म्हणतात. मग विटकरी रंगाचा एक पट्टा, गेरूचा. आणि त्याखाली काळाकभिन्न पाषाण.

मग मामाने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहू लागला. शंकूसारखा डोंगर आणि त्यातून धूर, असलं सिनेमातलं काही नाही. पूर यावा तसा लाव्हा सपाट पसरला. थंड झाला. मग दुसरा पूर. मग तिसरा. असं लाखो वर्षं चाललं होतं. आज उरलेला हा खडक जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. सिंहगड, अजिंठ्याची लेणी, महाबळेश्वरचे कडे आणि बोरी अरबची ही विहीर, सगळं त्याच एका प्रकरणातलं! सह्याद्रीत या थरांची जाडी किलोमीटरच्या वर जाते. पूर्वेला येता येता ते पातळ होत जातात आणि वणीच्या पलीकडे संपतातच. म्हणून तिकडे कोळशाच्या खाणी आणि इकडे कापूस.

मांजऱ्याची भोकं म्हणजे लाव्ह्यातले गॅसचे बुडबुडे. कोल्ड्रिंक ग्लासात ओतल्यावर फेस वर येतो ना, तसा तो वर आला आणि तिथेच गोठला. लाखो वर्षं त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि आत स्फटिक वाढले. लहानपणी आम्ही अंधारात दोन गारगोट्या घासून उजेड पाडायचो, त्यातल्या कितीतरी गारगोट्या अशाच पोकळ्यांतून सुटून शेतात आलेल्या.

आणि तो विटकरी पट्टा? मला वाटलं मध्येच कुणीतरी विटा लावल्या असतील. मामा हसला. "ती सुट्टी आहे. एक लाव्हा थंडावला, दुसरा यायला बराच वेळ होता. तेवढ्यात वरच्या दगडाची माती झाली. त्यावर पाऊस पडला असेल, काही उगवलंही असेल. मग पुढचा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला."

मी त्या वीतभर पट्ट्याकडे बघत राहिले. दोन प्रलयांमधली एक आख्खी शांतता. मला आता सांगा, यात कविता कुठे मेली?

आपल्या जिल्ह्यात याहून भारी प्रकार आहे, असं मामा म्हणाला. २०२१ मध्ये वणी-पांढरकवडा रस्त्याच्या भागात शिबला-पार्डीजवळ रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून दगडी खांबच खांब निघाले. कोनदार, एकाला एक चिकटून, एखाद्या पडक्या देवळासारखे. ते कुणी घडवलेले नव्हते. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसला की तडकतो आणि ताण सगळीकडे सारखा वाटला जावा म्हणून तडे बऱ्याचदा षटकोनी आकार घेतात. उन्हाळ्यात हीच काळी माती भेगाळते तेव्हाही थोडाफार तोच हिशोब असतो. 'भेगाळलेली जमीन' म्हटलं की आपल्याला फक्त दुष्काळाचा फोटो आठवतो. पण काळ्या मातीतली चिकणमाती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरची माती भेगांतून खाली जाते. म्हणजे जमीन स्वतःच स्वतःला नांगरते!

तुमच्या शर्टातली मेलेली पेशी

दुसऱ्या दिवशी मामीने सीतादही केली. विदर्भात कापसाची पहिली वेचणी असते तेव्हा शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. मामीने झाडाला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि मगच पहिलं बोंड वेचलं. मामा बाजूला उभा होता. मला वाटलं, हा सायन्सवाला आता काहीतरी शेरा मारणार. पण त्यानेही हात जोडले. मग मामीच्या ओटीतला कापूस चिमूटभर घेऊन मला म्हणाला, "यातला एक धागा वेगळा कर."

केला. इंचभर लांब, जेमतेम दिसणारा.

"ही एक पेशी आहे."

"एक म्हणजे?"

"एकच. एकटीच."

तुम्ही शाळेत मायक्रोस्कोपमधून कांद्याची पेशी बघितली असेल. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच तर मायक्रोस्कोप लागतो. आणि इथे इंचभर लांबीची एकच पेशी माझ्या चिमटीत! कापसाच्या बीवरच्या सालीतली एकेक पेशी लांब व्हायला लागते, तीही फूल उमलतं त्याच दिवसाच्या आसपास. फूल सकाळी फिकट पिवळसर पांढरं असतं. परागण झालं की दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं आणि मग गळून जातं. (नीट बघा, ते जास्वंदीसारखं दिसतं. भेंडी, जास्वंद आणि कापूस एकाच घराण्यातले!) फूल गळलं तरी आत बोंडात काम चालूच असतं. पहिले तीनेक आठवडे पेशी नुसती लांब होत जाते. मग आतून भिंतीवर सेल्युलोजचे थर चढवते. बोंड फुटलं, ऊन लागलं की पेशी वाळते, मरते, चपटी होते आणि तिला पीळ पडतो.

तो पीळ महत्त्वाचा. तो आहे म्हणून एक तंतू दुसऱ्यात अडकतो, सूत निघतं, कापड होतं. सोमवारी मीटिंगला तुम्ही जो कॉटनचा फॉर्मल शर्ट घालून जाता, तो म्हणजे पीळ पडलेल्या कोट्यवधी पेशींनी एकमेकींना धरलेला हात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं पेशी मेली तरी पीळ जात नाही!

मला त्या क्षणी फाइनमन आठवला. रिचर्ड फाइनमन, नोबेल मिळवलेला अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ. १९८१ मध्ये बीबीसीवर त्याची मुलाखत झाली होती. त्यात तो त्याच्या एका चित्रकार मित्राची तक्रार सांगतो, की तुम्ही शास्त्रज्ञ फुलाचे तुकडे करता आणि ते बोअर करून टाकता. फाइनमनचं म्हणणं असं, की तुला दिसतं ते सौंदर्य मलाही दिसतंच. वर मला आतल्या पेशीही दिसतात. फुलाचा रंग किड्यांना बोलावण्यासाठी असेल, तर किड्यांना रंग दिसत असणार, हेही मला सुचतं. माहितीने फुलातलं काही कमी होतं कसं? वाढतंच. मुलाखत मी कॉलेजातच बघितली होती. तेव्हा वाटलं होतं, बोलायला गोड आहे बुवा! पटलं मात्र बोरीच्या शेतात.

"सुंदर कायचं वं त्यात?"

आता इथेच लेख संपवला असता तर तो छान, गोड झाला असता. पण दादा होता ना!

पहिल्या दिवशी चहा टाकून शेतात गेलेला दादा दोन तासांनी परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत चाळीसेक डोमकळ्या होत्या. एक त्याने माझ्यासमोर उकलली. गुलाबी बोंडअळीची मादी फुलकळीवर अंडी घालते. अळी आत शिरते आणि तोंडातून रेशमाचे धागे काढून पाकळ्या आतून शिवून टाकते. त्यामुळे फूल उमलतच नाही, पीळ पडून गुलाबकळीसारखं मिटलेलं राहतं. माझ्या फोटोतली ती सुरेख पिळदार घडी म्हणजे अळीने आतून लावलेली कडी होती.

मामा म्हणाला, "पण शिवण बघ किती बारीक आहे."

दादा भडकला. "सुंदर कायचं वं त्यात? बाबाले सारंच सुंदर दिसते. २०१७ मंदी याच अळीनं अर्धं शेत खाल्लं आमचं. तवा नाही म्हटलं त्याईनं सुंदर."

२०१७. आपल्यापैकी बहुतेकांना ते साल कुठल्या फोनचं मॉडेल आलं त्यावरून आठवेल. यवतमाळमध्ये ते वेगळ्या कारणाने आठवतात. बोंडअळीला मारण्यासाठी जीन बदललेला बीटी कापूस देशात २००२ मध्ये आला, दोन जीनचा २००६ मध्ये. काही वर्षं मस्त गेली. पण गुलाबी बोंडअळी हळूहळू त्यालाही पचवायला शिकली आणि २०१७ मध्ये विदर्भात तिने हाहाकार केला. ही अळी बोंडात शिरली की तिचं भोक बुजून जातं. बाहेरून बोंड ठणठणीत, आत सरक्या खाऊन पोकळ. त्याच पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढं वाढलेलं पीक, हवेत उडणारं औषध आणि अंगावर साधा शर्ट. तोही बहुधा कॉटनचाच.

संध्याकाळी ओसरीवर बसलो असताना दादाने मला हळूच विचारलं, "पुण्यात गोडाऊनमंदी गिडाऊनमंदी काम भेटते काय वं? पंधरा-अठरा हजारावर?" शेत मक्त्याने द्यायचा विचार चालला होता. मामाला अजून बोलला नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. फुलाच्या सौंदर्यावर लेख लिहायला निघालेल्या मला एकदम लाज वाटली.

मग त्याने मला त्याचा कामगंध सापळा दाखवला. हिरव्या प्लास्टिकचं झाकण, खाली लांब पिशवी, आत रबराची एक छोटी कुपी. कुपीत बोंडअळीच्या मादीचा वास, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला. नर पतंग तिला शोधत येतो आणि पिशवीत पडतो. दादा रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहितो. हिशोब सोपा आहे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली. शिवाय वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची. दोन किडकी निघाली तरी धोका.

पहिल्या सकाळी नऊ पतंग होते. दुसऱ्या सकाळी आठ. तिसऱ्या रात्रीवर सगळं होतं. फवारणी म्हणजे औषध, मजुरी आणि २०१७ ची आठवण. फवारणी नाही म्हणजे कदाचित पीक हातचं गेलं.

मामाला न दिसलेली दीर्घिका

त्या तिसऱ्या रात्री आम्ही गच्चीवर होतो. अमावास्या जवळ आलेली. पुण्यात आपण ज्याला काळोख म्हणतो तो म्हणजे नारिंगी उजेड असतो, हे मला बोरीत कळलं. आकाशात एवढे तारे होते की ओळखीचे तारेच सापडेनात.

मामाच्या कपाटात जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' आहे, पानं सुटलेलं. नारळीकरांनी आयुष्यभर हेच काम मराठीत केलं. २०१४ मध्ये त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमी मिळाली, २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा मामा दिवसभर कुणाशी बोलला नव्हता म्हणे.

"देवयानी शोध," मामा म्हणाला. "चार ताऱ्यांचा मोठा चौकोन बघ. त्याच्या कोपऱ्यातून डावीकडे ताऱ्यांची ओळ निघते. दुसऱ्या ताऱ्यापाशी थांब, तिथून थोडी वर जा. पुसट ठिपका आहे?"

"नाही दिसत."

"सरळ बघू नको. जरा बाजूला बघ आणि लक्ष मात्र त्याच्याकडे ठेव. मंद उजेड ओळखणाऱ्या दंडपेशी डोळ्याच्या मधोमध नसतातच, कडेला असतात. अंधुक गोष्टी तिरक्या नजरेनेच दिसतात."

मी जरा बाजूला बघितलं... आणि दिसला! कापसाची बारीकशी पुंजी आकाशाला चिकटावी तसा. देवयानी दीर्घिका. अब्जावधी तारे. त्यातून निघालेला प्रकाश २५ लाख वर्षं चालून त्या रात्री बोरी अरबच्या एका गच्चीवर माझ्या डोळ्यात पडला होता. तो निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूसच नव्हता.

"दिसला! मामा, तू बघ ना!"

"मला नाही दिसत आता," तो सहज म्हणाला. "काचबिंदू आहे ना. तो कडेची नजर आधी खातो. मधली राहते, पण हा ठिपका मधल्या नजरेला दिसतच नाही. चार वर्षं झाली."

मग त्याचं झुडपांना आपटणं माझ्या लक्षात आलं. आणि हेही, की गेले तीन दिवस मला विहीर, बोंड, आकाश दाखवणाऱ्या माणसाला त्यातलं अर्धं दिसतच नव्हतं. त्याने गेरूचा पट्टा 'बघ' म्हटला तेव्हा तो आठवणीतून बोलत होता. डोळ्यांनी सोडलं तरी समजलेलं त्याला सोडून गेलं नव्हतं. मला चांगलं बोलता येतं, तो माझा व्यवसायच आहे. त्या वेळी मात्र शब्द सुचला नाही.

दादा कधी वर येऊन उभा राहिला होता कळलं नाही. "कुठं वं?" त्याने विचारलं. मी त्याला चौकोन दाखवला, ओळ दाखवली, तिरकं बघायला सांगितलं. बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "हाय बाबा. आहे अजून तिथंच."

मामा हसला. "जाते कुठं!"

खाली शेत काळंभोर होतं. आम्ही वर उजेड शोधत होतो आणि त्याच काळोखात करड्या रंगाचे, बोटाच्या पेराहूनही लहान पतंग वासावर एकमेकांना शोधत होते. हे माहीत नसतं, तर मला खाली फक्त अंधार दिसला असता.

वहीतला आकडा

सकाळी साडेसहाला आम्ही तिघंही सापळ्यापाशी. मामा काठी घेऊन बांधावर. दादाने पिशवी सोडली, मी मोजले.

सहा.

बोंडं फोडली. विसातलं एक किडकं. दादाने पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा सहा. त्याने वहीत लिहिलं आणि पहिल्यांदाच निवांत बसला. फवारणी टळली, निदान या आठवड्यापुरती. डोमकळ्या मात्र वेचायच्या होत्या. म्हणून त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा, फोन घरी ठेवून, पूर्ण वेळ फुलं बघितली. आणि गंमत म्हणजे आता मला ती लांबूनच कळत होती. हे आजचं पांढरं. हे कालचं गुलाबी. ही डोमकळी. चार दिवसांपूर्वी माझ्यासाठी हे सगळं 'हिरवं बॅकग्राउंड' होतं.

जाताना दादाला गोडाऊनबद्दल विचारलं. "यंदा पाहून घेतो," एवढंच म्हणाला. "जानेवारीत पीक काढून टाकीन. फरदड नाही ठेवत. ठेवली की अळीले पुढच्या सालापर्यंत घर भेटते." शेवट गोड झाला असं मी म्हणणार नाही. कापसाचा भाव त्याच्या वहीवर ठरत नाही. पण 'सुंदर कायचं त्यात' म्हणणारा तो आणि 'शिवण बघ' म्हणणारा मामा एकाच अळीकडे बघत होते आणि दोघांनीही ती नीट बघितली होती. तिला गुलाब समजणारी एकटी मीच होते.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठून आणायची विहीर नि मामा? नका आणू. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या आणि बाल्कनीतली जास्वंद बघा. ट्रेकला जाताय तर कड्यातले थर मोजा, गेरूचा पट्टा शोधा. पुण्यात असाल तर ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची. मुंबईत खगोल मंडळ आहे. त्यांच्याबरोबर एक रात्र अंधारात जा. नाहीतरी वीकेंडला मॉलमध्ये जाऊन आपण वेगळं काय करतो? बघतोच ना!

पुण्याला परतल्यावर तो फोटो काढून टाकणार होते. नाही काढला. फक्त कॅप्शन बदलली: 'डोमकळी. आत अळी आहे. पाकळ्या तिनेच शिवल्यात.' नवीन लाइक्स नऊ आले. पण कमेंट्समध्ये सगळ्यांनी एकच विचारलं, 'म्हणजे काय?' आणि मी उत्तरं लिहीत रात्री दीड वाजेपर्यंत जागले, डेडलाइन नसताना.

आणि हो, मामाला फोन केला. विचारलं, सातवीत तू इंद्रधनुष्याबद्दल काय सांगत होतास, ते मी अर्धवट ऐकलं होतं. तुझं वेगळं, माझं वेगळं, म्हणजे?

"अगं, प्रत्येकाच्या डोळ्याला वेगवेगळ्या थेंबांतून उजेड येतो ना," मामा म्हणाला. "शेजारी शेजारी उभं राहिलं तरी तुझे थेंब वेगळे, माझे वेगळे. तू कविता लिहिलीस ते इंद्रधनुष्य फक्त तुलाच दिसलं होतं. एवढंच सांगायचं होतं. तू रडायला लागलीस!"